कर्जखाते वाढवावे ही विनंती

फ्रिजला कुंकू लावायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यापायी मला पतसंस्थेत भांडावं लागेल, हर्णेच्या एका बाईला नकार कळवावा लागेल आणि प्रवाशांनी भरलेली एस.टी. जाकादेवीला अडकवून ठेवावी लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी आत्माराम गोताड. लोक आप्पा म्हणतात. रत्नागिरी डेपोत ड्रायव्हर आहे आणि गणपतीपुळ्याची गाडी माझ्याकडे असते. ही गोष्ट शहाऐंशी सालची. आदल्या आषाढात माझी बायको राही चार दिवसांच्या तापाने गेली. सिव्हिलमध्ये आत नेताना ती मला "येते हां" म्हणाली. "जाते" असं ती कधीच म्हणाली नाही, त्या दिवशीही नाही.

तिचं बोलणंच तसं होतं. आमच्या घरात काही संपत नसे, काही फुटत नसे आणि काही बंद होत नसे. सगळं वाढत असे. बांगडी फुटली की बांगडी वाढली. मीठ संपलं की मीठ वाढलं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आपल्याकडे असं थोडंफार सगळेच म्हणतात, वाणीसुद्धा रात्री दुकान वाढवतो. पण राहीकडे या बाबतीत सूट नव्हती. लग्न नवीन असताना एकदा ती मला म्हणाली, "तांदूळ वाढलेत." मी खूश झालो आणि डेपोतल्या दोन कंडक्टरांना जेवायला घेऊन आलो. डब्यात दाणा नव्हता. त्या दोघांनी नुसतं पाणी पिऊन जाताना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी ही भाषा शिकलो ती कायमची.

फ्रिज घेतला तो तिच्या हौसेने, पतसंस्थेचं कर्ज काढून. शेजारचा गफूर जामीन राहिला. गफूर दुबईला क्रेन चालवून परत आलेला, आता रिक्षा चालवतो. फ्रिज घरात आला तेव्हा आळीतल्या बायका हळदकुंकू घेऊन जमल्या, पण राही म्हणाली, "आत्ता नको. अजून तो संस्थेचा आहे. हप्ते फिटले की आपला होईल. मग याला कुंकू लावू नि नारळ वाढवू."

आणि तिने त्याला खरोखरच परक्यासारखं वागवलं. रोज पुसायची, पण त्याच्या डोक्यावर साधा डबा ठेवायची नाही. लांबचा पाहुणा मुक्कामाला यावा तसा तो आमच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि हप्ते भरून व्हायच्या आधी राहीच गेली.

तिच्या वर्षश्राद्धाच्या आत फ्रिज आपला करायचा, असं मी चैत्रात ठरवलं. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

ठरवलं आणि पतसंस्थेत गेलो. तिथे काउंटरवर काशीराम असतो. त्याला विचारलं, "काशीराम, माझं किती राहिलंय रे?"

त्याने आकडा सांगितला.

"हा जवळजवळ घेतला तेव्हाचाच झाला. आजचा सांग."

"आजचाच हाय आप्पा."

"आणि मी दर महिन्याला येऊन भरतो ते काय?"

"तो हप्ता. त्यातला बराचसा व्याजात जातो. मुद्दल बसलेला हाय जागच्या जागी."

म्हणजे एवढे दिवस मी गाडी नुसती रेस करत होतो आणि गिअर न्यूट्रलमध्ये होता. कुणालाही राग आला असता. मला चेव चढला. राही गेल्यापासून सकाळी डोळे उघडल्यावर पुढे काय करायचं ते मला कळत नसे. आता कळलं. हप्त्याच्या दुप्पट भरायचं, तिप्पट भरायचं, त्या मुद्दलाला धक्का मारून जागचं हलवायचं. संस्थेतून घरापर्यंत मी चालत आलो आणि वाटेत चहाही घेतला नाही. चहा तेव्हापासूनच सुटला. विडी दुसऱ्या दिवशी सुटली.

महागाई भत्त्याची थकबाकी मिळायची होती, ती मी मनातल्या मनात भरून टाकली. तरी कमी पडत होते. तेव्हा मला युक्ती सुचली. ज्याच्यासाठी कर्ज काढलं त्यानेच ते फेडावं. उन्हाळ्याचे दिवस होते. फ्रिजमध्ये बर्फ करायचा आणि नाक्यावरच्या लवू सरबतवाल्याला विकायचा. मी आणखी ट्रे विकत आणले. ड्युटीवरून आलो की पाणी भर, बर्फ काढ, पाणी भर, बर्फ काढ. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

आठवड्याने लवू घरी आला. "आप्पा, गिऱ्हाइकं विचारतात, कोकमाच्या सरबतात बांगडा कशाला घातलास?"

यात चूक कुणाचीच नव्हती. गफूरची बायको कुलसुम तिची मासळी आमच्या फ्रिजमध्ये ठेवते, तीही बर्फाच्याच खणात. मी तिला म्हटलं, "कुलसुम, बांगडे वायच खाली ठेवलेस तर?"

"खाली ठेवले तर नासतील. आणि ही जागा मला राहीने दिलीय, तुम्ही नाय."

राहीने दिलेली जागा मी कोण काढून घेणार? शेवटी मी बर्फाचा दर उतरवला आणि लवूने सरबतात जिरं वाढवलं. इथे वाढवलं म्हणजे खरोखर वाढवलं.

माझी ही धडपड गाडीतही पसरली. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर "चालकाशी बोलू नये" अशी पाटी आहे. ती वाचून झाली की लोक बोलायला सुरुवात करतात. एक म्हणाला फ्रिज विका आणि कर्ज फेडा. एक म्हणाला फेडूच नका, संस्था काय घर उचलून नेते? निवळीच्या एका गृहस्थांनी सांगितलं की हप्ते लवकर फेडले तर संस्थेला वाईट वाटतं आणि पुढच्या वेळी ती दारात उभं करत नाही. मला हे हास्यास्पद वाटलं होतं. पुढे त्यांचीच आठवण आली.

कारण मी जास्तीचे पैसे घेऊन गेलो तर काशीराम म्हणाला, "हे पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणून जमा करतो."

"पुढचा हप्ता नको. मुद्दलातून कमी कर."

"तसा रकाना नाय माझ्याकडं."

"अरे, मी पैसे द्यायला आलोय, मागायला नाही."

"मागायला आला असतात तर रकाना होता," काशीराम म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

मी मॅनेजरांकडे गेलो. ते लातूरकडचे, नुकतेच आलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं थोडं थोडं नाही घेता येत. सगळी रक्कम एकदम भरायची असेल तर अर्ज द्या. कमिटीपुढे ठेवतो. मंजूर झाला की भरा."

थकबाकी हातात आली आणि बर्फाच्या पैशांसह रक्कम जमली त्याच दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. "सविनय सादर, माझे कर्जखाते" इथपर्यंत पेन सरळ गेलं. पुढे "बंद" लिहायचं होतं, आणि हात थांबला. खातं नावाला माझं होतं, पण फ्रिज तिचा. तिच्या वस्तूबद्दल, तिच्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात, तो शब्द कसा लिहायचा? तिने ओसरीवरून ओरडून सांगितलं असतं, दुसरा शब्द नाय काय तुमच्याकडं? होता ना. मी लिहिलं, "माझे कर्जखाते वाढवावे ही विनंती." सही केली. अक्षर चांगलं आलं होतं. अर्ज काशीरामला दिला आणि निश्चिंत झालो.

काही दिवसांनी संस्थेचं पत्र आलं, आपला अर्ज मंजूर झाला आहे. मी डेपोत पेढे वाटले. ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले होते त्या प्रवाशांनाही वाटले. बाबू कंडक्टर म्हणाला, "आप्पा, अर्जाचे पेढे आज, मग कर्ज फिटल्यावर काय हत्तीवरनं साखर?" मी त्याला दुसरा पेढा दिला. त्या दिवशी मी कुणालाही काहीही दिलं असतं.

संध्याकाळी घरी आलो तर चिमा ओसरीवर बसलेली. चिमा आमच्या मागच्या घरात राहते. आळीत कुणाच्या घरी काय शिजतं ते तिला फोडणीच्या आधी कळतं.

"आलाव आप्पा? बसा. कुणाला सांगितलाव नाय तुम्ही, पण माझ्यापर्यंत आलाच."

"काय आलं?"

"कर्ज वाढवून घेतलाव ता. संस्थेचा माणूस गफूरभाईंची सही घेऊन गेला. आता एकट्या माणसाला वाढीव कर्ज कशाला लागतं, ते काय मला कळत नाय? कराच लग्न. राही वैनी काय म्हणणार नाय. नुसता वर्षश्राद्ध तेवढा होऊ दे."

मी काही बोलायच्या आत तिने सांगून टाकलं. हर्णेला तिच्या नात्यातली एक बाई होती, एकटी. सुक्या मासळीचा स्वतःचा धंदा. स्वभाव कडक पण मनाने चांगली. "तिला सांगितला मी. ड्रायव्हर म्हटल्यावर ती गप्प बसली. फ्रिज हाय म्हटल्यावर बरी बोलायला लागली."

मी चपला न काढता तसाच गफूरकडे गेलो. तो रिक्षा धूत होता.

"गफूर, तू कसल्या कागदावर सही केलीस?"

"तुझ्या कर्जाच्या. तूच म्हणालास ना, संस्थेचा माणूस येईल, सही कर."

"वाचलास काय कागद?"

"दुबईला मी अरबीत सह्या केल्यात. तेव्हा नाय वाचलं, आता काय वाचू?"

सकाळी मी संस्था उघडायच्या आधी दारात उभा होतो. गफूरही आला, कारण जामीन तो होता आणि रात्रभर कुलसुमने त्याला झोपू दिलं नव्हतं. मॅनेजरांनी माझं हसून स्वागत केलं. मी नियमित हप्ते भरणारा सभासद, म्हणून कमिटीने एकमताने माझं कर्ज दीडपट केलं होतं. वाढीव पैसे माझ्या बचत खात्यात जमा झाले होते. व्याजही सुरू झालं होतं.

"मी कर्ज मागितलंच नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझा अर्ज समोर ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण वाढवावे म्हणजे वाढवावे नव्हे. दुकान वाढवतात तसं वाढवावे."

मॅनेजरांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "आप्पा, दुकान वाढवतात ते मला माहीत आहे. माझी आईसुद्धा बांगडी वाढली म्हणते. पण कर्ज वाढवतात म्हणजे वाढवतातच हो. पतसंस्थेत याला दुसरा अर्थ नाही."

काउंटरवरचे लोक जवळ आले. आपल्याकडे एखाद्याची अब्रू जात असेल तर रांग मोडून ऐकतात. मॅनेजर म्हणाले, "नवा अर्ज द्या. कर्जखाते बंद करावे, एवढंच लिहा."

मी कोरा कागद घेतला आणि तसाच बसलो. ते बघून लोकांनी शब्द सुचवायला सुरुवात केली. एक म्हणाला "मिटवावे" लिहा. एकाने "निकालात काढावे" सांगितलं. एक म्हातारे "पूर्णत्वास न्यावे" म्हणाले. मला तो आवडला होता, पण मॅनेजरांनी मान हलवली. नियमात "बंद" हाच शब्द होता.

गफूरने माझ्या हातून पेन ओढलं. "आण इकडे. मी लिवतो. तुला नाय जमायचा."

"तुला जमेल?"

"भाभी तुला ओरडायची. मला कधी ओरडली नाय."

त्याने लिहिलं. मोठं, वाकडं, पण लिहिलं. मी खाली सही केली आणि वरची ओळ वाचली नाही.

मग मॅनेजरांनी सांगितलं की कमिटी आता पुढच्या महिन्यात बसेल. वर्षश्राद्ध तर याच महिन्यात, संकष्टीनंतर चार दिवसांवर होतं. माझा चेहरा बघून तेच म्हणाले, "चेअरमनसाहेबांनी सही केली तर कमिटीची वाट बघायला नको. पण ते घरी कुणाला भेटत नाहीत. भेटायला आलेला माणूस कर्ज मागतो, असा त्यांचा अनुभव आहे."

"संकष्टीला ते गणपतीपुळ्याला जातात," काशीराम काउंटरवरून म्हणाला. "आप्पांच्याच गाडीनं."

संकष्टीला चेअरमन माझ्या मागच्याच सीटवर येऊन बसले. मोठे बागायतदार, पांढरी टोपी, हातात छत्री. मी मागे वळून "नमस्कार" म्हटलं. त्यांनी छत्रीच्या टोकाने पाटी दाखवली, चालकाशी बोलू नये. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती पाटी पाळणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका त्या दिवशी.

जाकादेवीला गाडी थांबली तेव्हा मी अर्ज बॉनेटवर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "गोताड, परवा तर तुम्हाला वाढवून दिलं."

मला सगळं सांगावं लागलं. तांदूळ, बर्फ, बांगडे, कुंकू. हर्णेची बाई तेवढी गाळली, पण ती बाबू कंडक्टरने मागून घातली. गाडीतली माणसं पुढे सरकली होती. चहाला उतरलेले लोकही खिडकीशी येऊन भिजत ऐकत होते.

चेअरमननी पेन काढलं, बॉनेटवर टेकवलं आणि थांबले. "इंजिन बंद करा. हात हलतो. सही नमुन्याशी जुळायला हवी."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्यांनी सावकाश सही केली, खाली तारीख घातली, कागद फुंकून मला दिला. मी तो खिशात घातला, किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसती एक उचकी दिली. पुन्हा फिरवली. उचकीही नाही.

"काय झालं?" चेअरमननी विचारलं.

"साहेब, बॅटरी वाढली."

यावेळी शब्दाचा अर्थ सगळ्या गाडीला कळला. सगळे हसत खाली उतरले. पावसात चाळीस-पन्नास माणसं गाडीला पाठ लावून उभी राहिली आणि चेअरमननी छत्री बाबूकडे देऊन मागच्या दिव्याजवळची जागा धरली. बाप्पाच्या नावाची आरोळी उठली आणि गाडी हलली. उताराला लागताच मी क्लच सोडला, इंजिन धडधडलं, आणि मी आत एकटाच मोठ्याने हसत होतो. आरशात माझाच चेहरा मला ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पैसे भरले. जुनं मुद्दल, नवं मुद्दल, आणि नव्या पैशांनी माझ्या खात्यात नुसतं पडून राहिल्याबद्दलचं व्याज. काशीरामने शिक्का मारला. शिक्क्यावर काय लिहिलंय ते मी बघितलं नाही, त्यानेही कागद मला पालथा दिला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मी गफूर, कुलसुम आणि चिमाला बोलावलं. हर्णेला नकार कळवला होता. चिमा रुसली होती, पण काय चाललंय ते बघितल्याशिवाय तिला राहवलं नाही. मी फ्रिज पुसला. राहीचा कुंकवाचा करंडा वर्षभर फळीवर होता तसाच होता. मी तो काढून चिमाच्या हातात दिला, कारण मला त्यातलं काही समजत नाही.

चिमाने झाकण उघडलं आणि आत बघितलं.

"आप्पा, कुंकू सं..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. चिमा बोलताना मध्येच थांबलेली आळीत कुणी बघितलेली नाही. मग ती हळू म्हणाली, "कुंकू वाढलाय."

"हां," मी म्हणालो. "वाढलंय."

कुलसुमने पदराने उगाच फ्रिजचं हँडल पुसलं. गफूर उठला आणि रिक्षा काढून बाजारात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदाचा भलामोठा पुडा होता.

"हे काय रे?"

"अर्धा किलो."

"अर्धा किलो कुंकू?" चिमाने कपाळाला हात लावला. "गफूरभाई, चिमूटभर लागतं वो."

"वाण्याने विचारलं किती. मला काय ठाऊक? मी साखर सांगतो तसा सांगितला. तो पण बघतच राहिला."

कुंकू मी माझ्याच हाताने लावलं. ग्रीसने जाड झालेलं बोट, त्यामुळे टिकली न होता बशीएवढा टिळा झाला. दारात नारळ वाढवला. तेवढ्यात फ्रिज नेहमीसारखा थरथरून चालू झाला आणि कुलसुम म्हणाली, आता एवढी माणसं जमलीच आहेत तर बांगडे तळते.

त्या कुंकवाची मी काचेची बरणी भरली आणि ती फ्रिजच्या डोक्यावर ठेवली. आता तिथे ठेवायला हरकत नाही. सकाळी ड्युटीवर निघताना एक बोट त्यात बुडवून फ्रिजला लावतो, येतो म्हणतो आणि निघतो. बरणीकडे बघितलं की मला बरं वाटतं. माझ्या हयातीत ती काही वाढायची नाही.